पांढरीच्या पोटातील पुरावा
गोदाखोऱ्यातील आद्य रहिवाशांची उपजीविका आणि देवघेव

(माजलगाव येथे पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मुलुखात गावाचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. जी पिकते ती काळी आणि जीवर माणसे वसतात ती पांढरी. महसुलाच्या कागदांत 'गावठाण' हा शब्द रूढ झाला, तरी जुन्या माणसांच्या तोंडी 'काळी-पांढरी' ही जोडी अद्याप आहे. काळीचा अर्थ सांगावयास नको. गोदाकाठच्या आपल्या जमिनी सर्वांना ठाऊक आहेत. पण गावाखालची माती पांढरी का, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. त्याचे उत्तर असे की, ती माती मुळात पांढरी नसते. माणूस ती पांढरी करतो. चुलीतील राख, पडलेल्या भिंतींचा गाळ, जनावरांचे शेण, जेवून टाकलेली हाडे, फुटलेली गाडगी, जमीन सारवण्यासाठी आणलेली चुनखडीची माती, हे सर्व पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी साचत जाते. एक घर पडते, त्याच्यावर दुसरे उभे राहते. शे-दोनशे वर्षांत जमीन हातभर वर येते, आणि हजार-दोन हजार वर्षांत तिचे टेकाड होते. नदीच्या काठी, आजच्या वस्तीपासून थोडे दूर, पीक न घेतलेले एखादे करडे टेकाड दिसले, तर तेथे पूर्वी कोणी तरी नांदून गेले आहे, असे समजण्यास हरकत नाही.

आजचा माझा विषय या नांदून गेलेल्या लोकांचा आहे. त्यांनी लिहून काही ठेवले नाही. त्यांचा राजा कोण, देव कोणता, भाषा कोणती, हे कोणत्याही पोथीत नाही. त्यांची एकमेव पोथी म्हणजे ही पांढरी, आणि ती सध्या ट्रॉलीमागून ट्रॉली शेतात जात आहे. राख, शेण आणि हाडे यांमुळे ही माती खताला उत्तम. शेतकरी ती नेतो यात त्याचा दुष्ट हेतू काहीच नसतो. बैलगाडीच्या काळातही ती नेली जात असे. परंतु बैलगाडीला ज्या टेकाडासाठी तीन पिढ्या लागत, ते टेकाड यंत्राच्या फावड्याला आठवडाभरही पुरत नाही. या मातीत काय असते आणि ते गेल्याने काय जाते, एवढे आज आपल्यासमोर मांडावे, असा विचार आहे.

प्रारंभी थोडा कालक्रम सांगतो, पण त्यात फार रेंगाळणार नाही. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात माणसाचा वावर लाखो वर्षांचा आहे. नेवासे येथे प्रवरेच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. ही माणसे शेती करीत नव्हती. शिकार, मासे, कंदमुळे आणि रानफळे यांवर त्यांचा निर्वाह होता. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे डॉ. एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचीचे मणी मिळाले. ते सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे आहेत. महाराष्ट्रात शहामृग होते हे ऐकून आजही अनेकांना नवल वाटते. पोट भरण्याची भ्रांत असलेल्या माणसाने अंड्याच्या कवचीला भोक पाडून मणी ओवला, ही गोष्ट शाळेत मुलांना अवश्य सांगावी. पुढच्या कथेची बीजे तीत आहेत. कारण माणूस केवळ अन्नाचीच देवघेव करतो असे नाही, किंबहुना दूरच्या देवघेवीचा आरंभ पुष्कळदा अशा लहानसहान, शोभेच्या वस्तूंपासून होतो.

शेती करणारा, घर बांधून राहणारा माणूस आपल्या प्रदेशात साधारणतः चार हजार वर्षांपूर्वी दिसू लागतो. दगडाबरोबर थोडे तांबेही वापरणारा म्हणून विद्वान त्याला ताम्रपाषाणयुगीन म्हणतात. संगमनेरजवळच्या जोर्वे या प्रवराकाठच्या गावी १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले, आणि तेथील विशिष्ट लाल भांड्यांवरून या संस्कृतीच्या प्रमुख टप्प्याला 'जोर्वे संस्कृती' असे नाव पडले. एका लहानशा खेड्याचे नाव भारताच्या पुरातत्त्वात कायमचे कोरले गेले. यानंतर नेवासे, चांडोली, प्रकाशे, दायमाबाद, इनामगाव अशी एकामागून एक स्थळे उजेडात आली. आपल्या अगदी शेजारी, पैठणजवळ गोदावरीच्या काठी, ज्ञानेश्वरमाउलींच्या पूर्वजांचे गाव म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या आपेगावी १९७६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले, आणि तेथेही याच लोकांची वस्ती आढळली. आपेगावच्या घाटाखालून वाहणारे पाणीच पुढे मंजरथला येऊन सिंदफणेला भेटते, हे माजलगावकरांना सांगावयास नकोच.

या सर्व स्थळांत इनामगावची कथा सर्वांत पूर्ण आहे. म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो.

इनामगाव पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. पर्जन्यछायेचा, आपल्यासारखाच पावसाने हुलकावणी देणारा हा भाग. १९६८ पासून पुढे सुमारे दीड दशक डॉ. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी यांनी तेथे चिकाटीने काम केले. एखाद्या खड्ड्यातून चार खापरे काढून निघून जाण्याऐवजी, एक संपूर्ण खेडे उघडे करून पाहावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. शंभराहून अधिक घरांचे अवशेष त्यांनी उकलले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांच्या काळात तेथे तीन टप्प्यांची वस्ती होऊन गेली.

या घरांत काय होते? कुडाच्या बुटक्या भिंती, वर गवताचे छप्पर, आत सारवलेली जमीन, चूल, आणि धान्याची साठवण. ही साठवणच मला सर्वांत बोलकी वाटते. जमिनीत खोल खड्डे घेऊन, आतून चुन्याने लिंपून, त्यांत धान्य ठेवीत. आपण त्याला पेव म्हणतो. जमिनीवर मातीचे गोल ओटे करून त्यांवर कणग्या ठेवीत. त्या ओट्यांच्या खुणा जशाच्या तशा मिळाल्या. ज्वारीचे पेव उघडण्यापूर्वी त्यातील कोंदट हवा जाऊ द्यावी लागते, हे या सभेतील वडीलधाऱ्यांना लहानपणापासून माहीत असेल. तीन हजार वर्षांपूर्वीच्या गृहिणीलाही बहुधा ते माहीत असावे. पुस्तकात 'प्राचीन काळातील भूमिगत धान्यसाठे' असे वाक्य आले की विद्यार्थी जांभई देतो. 'पेव' म्हटले की त्याची आजी बोलू लागते. शिक्षकांनी या दुसऱ्या शब्दाची कास धरावी.

त्या पेवांतून आणि चुलींतून जळालेले दाणे मिळाले. त्यांवरून असे दिसते की, जव हे त्यांचे मुख्य पीक होते. त्याखालोखाल गहू, मसूर, वाटाणा आणि कुळीथ, म्हणजे आपला हुलगा. बोरांच्या आठोळ्या तर मुबलक मिळाल्या. रब्बी आणि खरीप अशी दोन्ही पिके घेण्याची समज त्यांना होती. त्याहून विशेष म्हणजे गावालगत दगड-मातीचा बंधारा आणि पाण्याचा पाट आढळला. पुराचे पाणी वळवून शेताकडे नेण्याची ही सोय असावी, असा उत्खनकांचा निष्कर्ष आहे. पाटपाण्याच्या तालुक्यात ही गोष्ट सांगताना मला संकोच वाटत नाही. पैठणचे धरण १९७६ मध्ये आणि सिंदफणेवरील आपले माजलगावचे धरण १९८७ मध्ये पूर्ण झाले; परंतु नदीचे पाणी अडवून काळीला पाजावे, ही बुद्धी या खोऱ्यांत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. बंधारा बांधणे हे एका घराचे काम नव्हे. तो बांधावयास सारे गाव लागते, आणि पाणी वाटावयास कोणाचा तरी शब्द चालावा लागतो. इनामगावात गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर मिळाले, आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार. ते गावाच्या प्रमुखाचे घर असावे आणि कोठारात गावकऱ्यांकडून आलेला धान्याचा वाटा ठेवला जात असावा, असे ढवळीकर मानतात. सरपंच मंडळींनी हसू नये. घरपट्टीच्या वसुलीचा इतिहास बहुधा येथपासून सुरू होतो.

गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या, डुकरे ते पाळीत. हरणांची शिकार आणि नदीतले मासे यांचीही जोड होती. मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरीत. लहान मुले गेली तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवीत. मोठ्या माणसाच्या पायांचे घोट्याखालचे भाग तोडून मग पुरीत. तो परत उठून चालू लागू नये म्हणून, की तो घर सोडून जाऊ नये म्हणून, हे कोणी सांगावे? पुरलेल्यांत मुलेच अधिक आहेत. 'पूर्वीचे लोक निरोगी होते' असे म्हणणाऱ्यांनी हे कुंभ एकदा पाहावेत. आपल्या गावातील लसीकरणाच्या नोंदवहीचे मोल त्यावरून कळेल.

आता देवघेवीकडे वळू. हे लोक स्वयंपूर्ण होते, असे आपण सहज म्हणून टाकतो. प्राचीन खेडे म्हणजे स्वयंपूर्ण खेडे, हे समीकरण आपल्या भाषणांत इतके मुरले आहे की त्याची कोणी तपासणी करीत नाही. पुरावा मात्र निराळेच सांगतो. इनामगावच्या मातीत शंखाच्या बांगड्या आहेत, आणि शंख हा समुद्राचा. तेथे थोडे तांबे आहे, आणि तांब्याची खाण या दख्खनच्या काळ्या दगडात नाही. ते राजस्थानच्या बाजूने आले असावे. सोन्याचे थोडे मणी आहेत आणि हस्तिदंत आहे. ही दोन्ही कर्नाटकाकडून आली असावीत. म्हणजे घोड नदीकाठच्या कुडाच्या झोपडीतील स्त्रीच्या अंगावर समुद्र आणि कर्नाटकाची खाण एकत्र नांदत होती.

मग एखादा व्यापारी राजस्थानातून तांबे घेऊन थेट इनामगावी येत होता काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याची गरजही नाही. वस्तू हातोहात सरकत जाते. घाटाखालच्या माणसाने शंख घाटमाथ्यावरच्या सोयऱ्याला दिला. त्याने तो धान्य घेऊन पुढच्या गावाला दिला. असे करता करता वस्तू शेकडो मैल जाते, पण कोणीही माणूस दोन-तीन दिवसांच्या वाटेहून दूर गेलेला नसतो. नाणे तर तेव्हा नव्हतेच. धान्य, शेळी, बैल, भांडे हेच चलन. आजही धनगर आपल्या मेंढ्या शेतकऱ्याच्या वावरात बसवतो, लेंडीखताने शेत खतावते, आणि त्याबद्दल शेतकरी त्याला धान्य देतो. दोघांचेही काम होते आणि पैशाचे नाव निघत नाही. या व्यवहाराचा सखोल अभ्यास जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर यांनी महाराष्ट्रात राहून केला. गावोगाव फिरणारा मेंढपाळ हाच त्या काळचा निरोप्या आणि हाच हलकी, मोलाची वस्तू वाहून नेणारा, असे मानले तर पुष्कळ कोडी सुटतात.

सर्वच देवघेव दूरची नव्हती. जोर्वेची भांडी पाहा. लाल रंगावर काळी रेघ, कडेला धार असलेले वाडगे, तोटीची चंबूसारखी भांडी. इतकी पक्की भाजलेली की बोटाने वाजविली तर धातूसारखा नाद येतो. एवढ्या जाळाची भट्टी प्रत्येक वस्तीत असणे शक्य नाही. इनामगावला कुंभाराची भट्टी मिळाली. तेथील भांडी आसपासच्या लहान वस्त्यांना जात असावीत. तापीच्या खोऱ्यात प्रकाशे, प्रवरेच्या खोऱ्यात दायमाबाद, भीमेच्या खोऱ्यात इनामगाव अशी एकेक मोठी वस्ती आणि तिच्याभोवती लहान खेडी, असे चित्र दिसते. त्यावरून बाजाराच्या गावाची कल्पना त्याच काळी अंकुरली होती, असे म्हणावयास जागा आहे.

शेतीच्या अवजारांसाठी मात्र त्यांना कोठे जावे लागत नव्हते. आपल्या नद्यांच्या पात्रात जे पांढुरके, तांबूस, पट्ट्यापट्ट्यांचे चकचकीत गोटे मिळतात, ज्यांना मुले गारगोट्या म्हणतात आणि जाणकार अकीक म्हणतात, त्यांच्या ते लांबट पात्या काढीत. लाकडाच्या खाचेत डिंक-राळ लावून या पात्या ओळीने बसविल्या की विळा तयार. ज्या पात्यांनी धान्य कापले त्यांच्या धारेवर एक विशिष्ट चकाकी येते. तीवरून हजारो वर्षांनंतरही विळा ओळखता येतो. हा अकीक आपण ध्यानात ठेवू, कारण थोड्या वेळाने तो पुन्हा भेटणार आहे.

इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास या भरभराटीला ओहोटी लागली. चौकोनी, प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांडी ओबडधोबड झाली. धान्य घटले, शेळ्या-मेंढ्या आणि शिकारीची हाडे वाढली. गोदावरी-प्रवरेच्या काठच्या अनेक वस्त्या तर याच सुमारास ओस पडल्या. इनामगाव तेवढे कसेबसे आणखी तीनशे वर्षे तगले आणि मग तेही उठले. ढवळीकरांच्या मते पाऊसमान कमी होत गेले हे याचे मुख्य कारण. सर्वच अभ्यासकांना हे एकच कारण पुरेसे वाटत नाही. मला स्वतःला ढवळीकरांचे म्हणणे पटते. कदाचित मी मराठवाड्यात नोकरी करतो म्हणूनही असेल. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना हा थर वाचावयास पुरातत्त्वाची पदवी नको. आधी दागिना जातो, मग बैल जातो, शेळी सर्वांत शेवटपर्यंत राहते, आणि मग माणूस उठतो. १९७२ ला रस्त्यावर खडी फोडण्याचे का होईना, काम होते. त्यातूनच पुढे रोजगार हमी उभी राहिली. त्या लोकांना हमी फक्त शेळीची आणि पायांची. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांकडे पाहताना हे गोल झोपडीवाले मला नेहमी आठवतात. पाल, चूल, दोन भांडी, एक शेळी; यादी फारशी बदललेली नाही.

हे लोक कोणाचे पूर्वज, असा प्रश्न येथे कोणी तरी विचारतोच. त्याचे उत्तर मी देणार नाही. खापरावर जात लिहिलेली नसते. भिल्ल, पारधी, धनगर, कुणबी, कोळी अशा सर्वांच्या राहणीत त्या जगण्याचा एखादा धागा दिसतो, आणि एकाच्याच अंगावर ते सबंध वस्त्र चढविणे अन्यायाचे होईल.

पुढे लोखंड आले, त्याबरोबर काळी नांगरून काढण्याची ताकद आली, आणि ओस पडलेल्या खोऱ्यांत पुन्हा गावे वसली. आता मात्र ती निराळ्या मापाची होती. सातवाहनांच्या काळात पैठण, तेर, भोकरदन ही नगरे नावारूपाला आली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक नाविकाने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. आमच्या खात्याच्या दृष्टीने पाहिल्यास ती एक उत्कृष्ट माहितीपुस्तिका आहे: कोठे काय मिळते, काय खपते, वाट किती दिवसांची, एवढेच तीत आहे, आणि अलंकार एकही नाही. तीत म्हटले आहे की, भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. पैठणहून अकीकाचे दगड मोठ्या प्रमाणावर येतात आणि तगरहून साधे कापड व नाना तऱ्हेची मलमल येते. हा माल गाड्यांतून, वाट नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोचला आणला जातो. हे तगर म्हणजेच धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले.

आता येथे आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. पैठण आणि तेर यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली तर ती बीड जिल्ह्यातूनच जाते. हे अंतर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर भरते. भरल्या गाडीचे बैल दिवसाला पाच कोस चालतात. दहा दिवसांत तेवढी मजल सहज होते. म्हणजे त्या नाविकाने ऐकलेली माहिती चोख होती. दिशा तेवढी पूर्वेऐवजी आग्नेय म्हणावयास हवी होती. या गाड्यांना गोदावरी आणि सिंदफणा ओलांडणे भाग होते आणि बालाघाटाचा चढही कोठे तरी चढणे भाग होते. जेथे बैलांना पाणी लागे, जेथे चाकाची धाव निखळे, जेथे मुक्काम पडे, तेथे वस्ती झालीच असणार. रोमच्या बाजारात जे कापड मोजून घेतले जाई, ते तत्पूर्वी बीडच्या ओढ्याकाठी झाडाखाली एक रात्र विसावलेले होते, हे सांगावयास कोणत्याही कल्पनाशक्तीची गरज नाही. केवळ नकाशा पुरतो.

आणि तो अकीक! ज्या गोट्याची शेतकऱ्याने विळ्यासाठी पाती काढली, तोच गोटा हजार वर्षांनी मणी आणि मुद्रेचा खडा होऊन समुद्रापार गेला. दगड तोच, खपण्याची जागा बदलली. उलट दिशेनेही खूण मिळते. इटलीतील पॉम्पे हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ मध्ये हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. ती निःसंशय भारतीय. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती तेरला आणि भोकरदनला सापडल्या आहेत. विणकर, कासार, धान्यविके, बांबूकाम करणारे यांच्या श्रेणी त्या काळी होत्या, हे जुन्नर-नाशिकच्या लेण्यांतील लेख सांगतात. नाशिकच्या लेखात तर विणकरांच्या एका श्रेणीत दोन हजार नाणी दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. सहकारी संस्थेच्या संचालकांनी तो लेख जरूर वाचावा. ठेव भिक्षूंच्या वस्त्रांसाठी होती आणि ती मोडावयाची नव्हती.

तेरचे हे वैभव आज पाहावयास मिळते ते कोणामुळे? गावातील एक व्यापारी, रामलिंगप्पा लामतुरे, पावसाळ्यानंतर पांढरीवर उघड्या पडणाऱ्या वस्तू गोळा करून जपून ठेवीत. पाहुण्याने मागितली म्हणून दिली, असे त्यांनी केले नाही. त्यांच्या संग्रहातील हजारो वस्तूंतून तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. पैठणच्या संग्रहालयालाही बाळासाहेब पाटील यांचे नाव आहे ते अशाच जतनाबद्दल. आणि दायमाबादची गोष्ट आपण ऐकली असेल. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार शिल्पे मिळाली. त्यांचे एकत्र वजन साठ किलोहून अधिक आहे. भंगाराच्या तराजूत ती गेली असती तर चार दिवसांचा बाजार निघाला असता आणि जगाच्या पुरातत्त्वातील एक प्रकरण वितळून गेले असते. तसे झाले नाही, आणि म्हणून दोन बैलांच्या रथावर उभा असलेला तो माणूस आज वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. त्या शिल्पांच्या काळाबद्दल विद्वानांत एकमत नाही. त्याचे एक कारण असे की, ती ज्या थरात होती तो थर अभ्यासकाने पाहण्यापूर्वीच ती वर आली होती.

हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण पंचायतीचे काम येथूनच सुरू होते. वस्तू वाचली तरी जागा मोडली तर अर्धा पुरावा गेला. शंखाची बांगडी ही नुसती बांगडी. पण ती कोणत्या घरात, कोणत्या चुलीशेजारी, कोणत्या धान्याबरोबर होती, हे कळले तरच ती साक्ष देते. ट्रॉलीत भरलेल्या पांढरीत बांगडीही असते, दाणाही असतो आणि खापरही असते. फक्त त्यांचे एकमेकांशी असलेले नाते नसते.

कायदा काय म्हणतो, तेही सांगतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास तिची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. तशी माहिती न देता ती लपविणे हा गुन्हा आहे. पुरातन वस्तूंची खरेदी-विक्री आणि निर्यात यांवर १९७२ च्या अधिनियमाने निर्बंध घातले आहेत. मात्र कायद्याचे भय दाखवून लोक वस्तू लपवू लागतात, असा अनुभव आहे. म्हणून सदस्यांनी सापडविणाऱ्याला चोर न ठरविता साक्षीदार म्हणून वागवावे. त्याच्या नावाने पंचनामा व्हावा; त्याच्या मुलांच्या शाळेत त्याची हकिकत सांगितली जावी.

प्रत्यक्ष काय करावयाचे ते थोडक्यात सांगतो. आपल्या शिवारात जुनी पांढरी कोठे आहे, हे तलाठी आणि कोतवाल यांना विचारून तिचा गट क्रमांक ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवावा. तेथून माती नेण्यास पंचायतीने परवानगी देऊ नये. विहीर, पाणंद रस्ता किंवा घरकुलाचा पाया खणताना राखेचा थर, कुंभ, हाडे किंवा रंगीत खापरे दिसली तर काम त्या खड्ड्यापुरते थांबवावे आणि तहसीलदारांमार्फत राज्य पुरातत्त्व विभागाच्या छत्रपती संभाजीनगर येथील कार्यालयाला कळवावे. कुंभ रिकामा करू नये, त्यातील माती फेकू नये. दाणे आणि हाडे त्या मातीतच असतात. खापर धुऊन, घासून चकचकीत करू नये. शिक्षकांनी मुलांना पांढरीवर अवश्य न्यावे, पण उचलून आणावयास नव्हे, पाहावयास. प्रत्येकाच्या घरी आता छायाचित्र काढणारा फोन आहे. खापर जेथे पडले आहे तेथेच राहू द्यावे, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, आणि वहीत दिनांक, गट क्रमांक आणि नदीपासूनचे पावलांतील अंतर लिहावे. मंजरथ ते पुरुषोत्तमपुरी या गोदाकाठच्या पट्ट्यातील शाळांनी हे काम यंदाच्या दिवाळीनंतर, पीक निघून जमीन उघडी झाली की, सुरू करावे. वह्यांचा नमुना पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे आज ठेवून जात आहे.